साडेनऊ किलोचा गरुड भिंतीवरून का पडला आणि परत कसा चढला

दिवाणखान्यात सोफ्याच्या मागच्या भिंतीवर सागवानी गरुड होता. पंख पसरलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत ९० सेंटिमीटर. उंची ५५. छातीचा भाग भिंतीपासून चांगला २२ सेंटिमीटर पुढे आलेला. काही महिने तो मुकाट्याने टिकला आणि एका दुपारी घरात कुणी नसताना खाली आला. आधी सोफ्याच्या पाठीवर आदळला, मग फरशीवर. डाव्या पंखाचं टोक तुटलं आणि भिंतीवरचा तळहाताएवढा गिलावा सोबत आला. तेव्हा सोफ्यावर कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच बरं.

मला बोलावलं तेव्हा घरच्या ताईंचा प्रश्न तयार होता : "मोठा स्क्रू मारला तर राहील ना?" आजोबांकडे उत्तरही तयार होतं. "चार इंची खिळा ठोका, विषय संपला." दोघांनीही एक गोष्ट धरून चालली होती, की वस्तू जड म्हणून पडली. म्हणून सगळ्यात आधी वजन केलं. घरातल्या वजनकाट्यावर एकदा गरुड घेऊन उभं राहायचं, एकदा नुसतं, आणि वजाबाकी करायची. साडेनऊ किलो भरला. भिंतीच्या हिशेबाने हे वजन काहीच नाही. एवढ्याच वजनाचा चपटा आरसा त्याच घरात दुसऱ्या खोलीत तसल्याच एका स्क्रूवर सुखाने लटकत होता. म्हणजे नुसत्या किलोंवर बोट ठेवून भागणार नव्हतं.

भोकातून काय बाहेर आलं

पडलेल्या वस्तूपेक्षा भिंतीतून निघालेला स्क्रू जास्त बोलतो. इथे स्क्रू वाकला नव्हता, तुटला नव्हता. प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये तो घट्टच होता आणि प्लगसकट सरळ बाहेर आला होता. म्हणजे लोखंडाचा दोष नाही, प्लगने स्क्रू सोडला असंही नाही. भिंतीने प्लग सोडला. प्लगची बाहेरची अर्धी लांबी सिमेंटच्या करड्या रंगाने माखलेली, आतली अर्धी पांढरट, पिठासारख्या भुकटीने.

ती भुकटी म्हणजे भिंतीची ओळख. ड्रिल करताना लाल चुरा पडला तर वीट. बिट, म्हणजे ड्रिलचं भोक पाडणारं पातं, रेंगाळतो, तापतो आणि बारीक करडी धूळ येते तेव्हा काँक्रीटचा खांब किंवा तुळई. थोडी पांढरी धूळ येऊन बिट एकदम पोकळीत गेला तर मागे जिप्सम बोर्ड आहे. आणि गिलावा ओलांडल्यावर बिट लोण्यात गेल्यासारखा शिरतो, पांढरट भुकटी भरभर येत राहते, तिथे एएसी ब्लॉक, म्हणजे वाफेच्या दाबाखाली पक्के केलेले सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात हा प्रकार विकसित झाला. आज आतल्या भिंतींसाठी तो सर्रास वापरतात, कारण वजन कमी. एका घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो. भाजलेल्या विटेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. हे हलकेपण येतं आतल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे, आणि स्क्रूला धरायला अडचण होते ती याच बुडबुड्यांची.

नेहमीचा प्लग काम करतो तो फुगून. स्क्रू आत शिरला की प्लग चहूबाजूंनी फाकतो, भोकाच्या कडेवर दाब देतो आणि त्या दाबातून आलेल्या घर्षणावर टिकतो. भिंतीत भोक पाडून त्यात मऊ नळी घालायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा ही कल्पना १९११च्या सुमारास जॉन रॉलिंग्ज या इंग्रज ठेकेदाराची. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन आजही 'रावलप्लग' म्हणतात तो त्याच नावावरून. त्याची नळी तागाच्या धाग्यांची होती. नायलॉनचा, फाकणारा प्लग आर्टूर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ साली आणला. दोन्हींची अट एकच : भोकाची कड कडक हवी. एएसीत प्लग फाकतो तेव्हा कडेचे बुडबुडे चिरडतात, भोक मोठं होतं आणि दाब उरतच नाही. शिवाय ज्याने भोक पाडलं त्याने ड्रिलची हॅमर सोय, म्हणजे फिरता फिरता ठोकण्याची, चालू ठेवली होती, हे भोकाच्या ओबडधोबड, फुटलेल्या कडेवरून कळत होतं. एएसीत हॅमर कधीच नको. नुसतं फिरवून भोक पडतं आणि ते नेमकं मापाचं पडतं.

आता लांब्या जुळवून पाहू. प्लग ३० मिलिमीटरचा. गिलावा १५. म्हणजे ब्लॉकमध्ये प्लग गेला होता फक्त १५ मिलिमीटर. उरलेला निम्मा प्लग गिलाव्यात होता, आणि गिलावा हे भिंतीचं कातडं आहे, हाड नव्हे. वस्तू अडकवायला स्क्रूचं डोकं १२ मिलिमीटर बाहेर ठेवलेलं. एवढा बाहेर आलेला स्क्रू पहारीचं काम करतो : टोकावर भार पडतो, गिलाव्याची खालची कड टेकू होते आणि आतलं टोक वर उचकटत राहतं. अशा वेळी कडेचा गिलावा आधी फुटतो. फुटला की टेकू आत सरकतो, पहार लांब होते, आणि पुढचं काम आणखी सोपं.

वजन भिंतीपासून किती लांब आहे

आरसा टिकला आणि गरुड पडला याचं खरं कारण मात्र इथे आहे.

भिंतीला चिकटून असलेली चपटी वस्तू स्क्रूला जवळजवळ फक्त खाली ओढते. स्क्रू आडवा असल्याने ही ओढ तो सहज पेलतो. पण वस्तूचं वजन भिंतीपासून पुढे असेल तर ती वरून पुढे झुकायला बघते. तिचं खालचं टोक भिंतीला टेकतं आणि वरचा स्क्रू भिंतीबाहेर ओढला जातो. ही बाहेरची ओढ काढायला तीन मापं पुरतात : वजन, गुरुत्वमध्य (सगळं वजन जणू जिथे एकवटलेलं असतं तो बिंदू) भिंतीपासून किती लांब, आणि वस्तू भिंतीला जिथे टेकते त्या सगळ्यात खालच्या बिंदूपासून स्क्रू किती उंच. पहिल्या दोघांचा गुणाकार, भागिले तिसरं.

गुरुत्वमध्य शोधायला यंत्र लागत नाही. वस्तू दोरीने एका ठिकाणी टांगा, शेजारी ओळंबा सोडा आणि बाजूने फोटो काढा. मग दुसऱ्या ठिकाणी टांगून पुन्हा तेच करा. टांगलेल्या बिंदूतून खाली जाणाऱ्या उभ्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे गुरुत्वमध्य. गरुडाचा निघाला पाठीपासून ९ सेंटिमीटरवर, छातीत.

मग पाठ पाहिली. कारागिराने दातेरी हँगर, म्हणजे स्क्रूवर अडकवायची दाते असलेली पत्र्याची पट्टी, उंचीच्या बरोबर मधोमध ठोकला होता. कोरणाऱ्याच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे. त्याच्यासाठी ती वस्तूची मधली जागा. पण हँगरच्या खाली पाठ जेमतेम १२ सेंटिमीटर सपाट होती. पुढे शेपटी भिंतीपासून दूर वळत गेली होती आणि कुठेच टेकत नव्हती. हिशेब : साडेनऊ गुणिले ९ भागिले १२, म्हणजे सुमारे ७ किलो. वजनाच्या तीनचतुर्थांश ओढ थेट भिंतीबाहेर, रात्रंदिवस, १५ मिलिमीटर मऊ ब्लॉकमधल्या प्लगवर. त्यात शेजारीच दार. ते आपटलं की पातळ भिंत थरथरते आणि प्लग केसभर सरकतो.

अशी वस्तू एका क्षणात पडत नाही. आधी ती मान खाली घालते. विचारल्यावर ताईंना आठवलं, की झाडताना सोफ्यामागे पांढरी भुकटी सापडायची आणि त्यांना ती रंगाची वाटायची. ताईंच्या भावाला तर गरुड आताशा खाली बघतोय असं वाटलं होतं. त्याने ते कारागिराचं कसब समजून कौतुकही केलं होतं. वस्तूच्या वरच्या कडेमागची फट बोटाने चाचपली की हे महिनाभर आधी कळतं.

पर्याय, आणि आजोबांचा खिळा

खिळ्याचं आधी. विटेच्या जुन्या भिंतीत, विटांमधल्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या सांध्यात ठोकलेला लांब खिळा खरंच पिढ्यानपिढ्या टिकतो. आजोबांचा अनुभव खोटा नव्हता, भिंत वेगळी होती. एएसीत ठोकलेला खिळा आपलं भोक स्वतःच मोठं करतो. त्यांना उरलेला ब्लॉकचा तुकडा आणि खिळा दिला. त्यांनी ठोकला, दोन बोटांत धरून उपसला, आणि म्हणाले, "ही भिंत आहे की रस्क?" त्यानंतर ते आमच्या बाजूचे झाले.

त्याच भोकात सिमेंट भरून मोठा प्लग, हा ताईंचा पर्याय. त्याने भोक सुधारतं, पण ७ किलोची ओढ तशीच राहते. दुहेरी टेप किंवा 'खिळ्याविना' म्हणून मिळणारा गोंद मी अशा वस्तूला सुचवत नाही. गोंद कितीही चांगला असला तरी तो धरतो रंगाच्या थराला, आणि रंगाचा थर पुट्टीला. साखळीची सगळ्यात कमकुवत कडी तीच. मागे दोन कड्या लावून तार ओढायची पद्धत चौकटींना ठीक. पण तार जितकी ताठ आणि आडवी, तितका ताण जास्त : आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन असेल तर तारेच्या प्रत्येक बाजूत पूर्ण वजनाइतका ताण, १५ अंशांना जवळजवळ दुप्पट. आणि तारेवरची पुढे आलेली वस्तू पुढे झुकणार ती झुकणारच.

आम्ही निवडली ती तिरक्या कडेची जोडपट्टी. सुतार तिला फ्रेंच क्लीट म्हणतात. १८ मिलिमीटर जाड पट्टी लांबीत ४५ अंशांवर चिरायची. एक भाग भिंतीवर, त्याची वरची कड भिंतीकडे उतरती. दुसरा वस्तूच्या पाठीला, उलटा. वस्तू वरून खाली सोडली की वरचा भाग खालच्या भागाच्या आणि भिंतीच्या मधल्या खाचेत बसतो, आणि वस्तूचं वजनच तिला भिंतीकडे खेचून धरतं.

पट्टी गरुडाच्या मानेजवळ, जितकी वर जाईल तितकी वर घेतली. शेपटीच्या टोकामागे सागवानाचा एक ठोकळा घडवून बसवला, म्हणजे खालचा टेकू अगदी तळाशी गेला. टेकूपासून पट्टीपर्यंतचं अंतर १२ वरून ४२ सेंटिमीटर झालं. पट्टीमुळे गरुड भिंतीपासून १८ मिलिमीटर आणखी पुढे आला, आणि यावर ताईंची शंका रास्त होती : "अजून पुढे आणला, मग ओढ वाढणार नाही का?" पुन्हा हिशेब : साडेनऊ गुणिले १०.८ भागिले ४२. अडीच किलोच्या आत. पुढे आणूनही ओढ एक तृतीयांश झाली, कारण टेकू खाली गेला. या सगळ्या कामात एकच गोष्ट करायला सांगितली असती तर मी तो ठोकळा सांगितला असता. तो सगळ्यात स्वस्त सुधार आहे आणि बाहेरून दिसतही नाही.

लाकूड हलतं

पाठीला पट्टी लावताना लाकडाच्या रेषा पाहाव्या लागतात. गरुडाच्या धडाच्या रेषा उभ्या होत्या, पंखांच्या आडव्या; पंख धडाला खुंट्यांनी जोडलेले. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेच्या ओलाव्याप्रमाणे फुगतं-आक्रसतं. सागवान यात बरंच शांत मानलं जातं. तरी ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वाढवलयांच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आक्रसतं. लाकडातल्या ओलाव्यात एक टक्का बदल झाला तर रुंदीत अदमासे ०.१९ टक्के. २४ सेंटिमीटर रुंद धड आणि ऋतूंमध्ये ओलाव्याचा चार टक्क्यांचा फरक धरला तर जवळपास २ मिलिमीटर. आडवी पट्टी धडाला तीन ठिकाणी आवळून टाकली असती तर या हालचालीला वाट उरली नसती आणि धड उभं तडकलं असतं. म्हणून मधलं भोक गोल ठेवलं आणि दोन्ही कडांची लांबट केली, म्हणजे स्क्रू पकडून ठेवतो पण सरकू देतो. गोंद लावला नाही. पंखांना तर पट्टी शिवूही दिली नाही. त्यांनी भार घ्यायचाच नाही.

स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडलं, आट्यांसकट असलेल्या जाडीच्या सुमारे ७० टक्के. जुन्या, कोरड्या सागवानात हे टाळलं तर स्क्रू मुरगळून तुटतो किंवा कोरीव काम चिरतं.

जागा

उंचीचा फार विचार करू नये. उभ्या माणसाच्या नजरेला वस्तूचा मध्य यावा, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास. खाली सोफा असेल तर त्याच्या पाठीपासून एक वीत मोकळी सोडावी. खरी अडचण आडव्या दिशेत निघाली.

भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं. भिंत १० सेंटिमीटर ब्लॉकची, दोन्हीकडचा गिलावा धरून १३. एएसीसाठी मिळणारा लांब, पात्यांचा प्लग ६० मिलिमीटरचा. तो गिलाव्याच्या पलीकडे, पूर्ण ब्लॉकमध्ये बसला पाहिजे. म्हणजे भोक १५ अधिक ६०, अधिक भुकटीसाठी १०, एकूण ८५. पलीकडच्या बाजूने गीझरपासून बेसिनकडे गरम पाण्याची नळी उतरत होती आणि ती ४० मिलिमीटर खोल गाडलेली होती. १३० वजा ४० म्हणजे ९०. बिटचं टोक आणि नळी यांच्यात अर्धा सेंटिमीटर. जुनं भोक उथळ होतं म्हणून तिथवर कधी पोचलं नाही. नव्याने पोचायला हात जरासा जड पडला असता तरी पुरे होतं.

दोन्ही खोल्यांमध्ये एकाच दाराच्या चौकटीपासून मापं घेतली. नळी जुन्या भोकापासून १० सेंटिमीटर उजवीकडे निघाली. विजेच्या वायरींचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : स्विचबोर्डच्या थेट वर, थेट खाली आणि सरळ आडव्या पट्ट्यात भोक पाडायचं नाही. डिटेक्टर फिरवला तरी हा नियम मोडू नये. प्लॅस्टिकची नळी साध्या डिटेक्टरला दिसेलच असं नाही. गरुड ३५ सेंटिमीटर डावीकडे घ्यायचं ठरलं. ताईंना तो सोफ्याच्या मध्यावरच हवा होता. मग सोफा सरकवला.

न्हाणीघराची भिंत म्हणून ओलही तपासली. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवला. आतून दव धरलं असतं तर आधी गळती शोधावी लागली असती, कारण ओल्या भिंतीवरच्या लाकडाला बुरशी आणि वाळवी दोन्ही पाठीमागून लागतात आणि पुढून काही कळत नाही. कोरडा निघाला. पट्टीमुळे मागे राहिलेली फट हवा खेळायला उपयोगीच आहे.

चढवताना

भिंतीवरची पट्टी ४० सेंटिमीटर लांब ठेवली, पाठीवरची फक्त २०. पंखांमागे दोन्ही झाकल्या जातात आणि गरुड डावीउजवीकडे सरकवून मध्य साधता येतो. भोक पाडतानाची मिलिमीटरची चूक गिळली जाते. पट्टीचं पहिलं भोक पाडून एक स्क्रू अर्धवट बसवायचा, पाणसळ ठेवून पट्टी समतल करायची आणि मगच बाकीच्या खुणा. तीन स्क्रू, शंभर मिलिमीटरचे. बिटवर ८५ मिलिमीटरला चिकटपट्टी गुंडाळली, हॅमर बंद, भोकातली भुकटी फुंकून काढली. डोळ्यांवर चष्मा हवा, एरवी फुंकलेली भुकटी आपल्याच डोळ्यांत येते. शेवटचे फेरे हाताने दिले, कारण एएसीत मशिनने जास्त आवळलं तर प्लग भोकात गरगर फिरतो आणि ते भोक गेलं म्हणून समजा.

प्लगच्या पाकिटावर वीट, काँक्रीट आणि एएसी यांचे भार वेगवेगळे छापलेले असतात. मोठा आकडा काँक्रीटचा असतो. आपला रकाना वाचायचा आणि प्रत्यक्ष भार त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात ठेवायचा.

गरुडाआधी पट्टीवर २० लिटर पाण्याची बादली टांगली. जोडपट्टीचा उरलेला तुकडा हुक म्हणून, रात्रभर. सकाळी पट्टी आणि गिलावा यांच्या सांध्यावर पेन्सिलीने मारलेली रेघ जागची हललेली नव्हती. मग गरुड चढवला. शेपटीमागच्या ठोकळ्याला फेल्ट चिकटवलं. खालून कुणी उचलला तर पट्टीतून निसटू नये म्हणून वरच्या पट्टीवर एक आडकाठीचा स्क्रू दिला. आणि खाली माणसं बसणार म्हणून, वेगळ्या प्लगला अडकवलेली स्टीलची सैल तार. तिच्यावर एरवी काहीच भार नाही. भूकंपप्रवण भागात सोफ्यावर किंवा पलंगावर काहीही टांगताना ही तार मी गृहीतच धरतो.

पंखाचं टोक सुताराच्या पांढऱ्या गोंदाने जोडलं. तुटलेल्या कडा ताज्या होत्या, धूळ बसलेली नव्हती, त्यामुळे सांधा रेषेशी जुळला. जुन्या भोकाच्या सुटलेल्या कडा खरवडून, पाणी मारून गिलावा भरला. गरुड सरकल्यामुळे तो डाग आता उघड्यावर आला आहे आणि तेवढा तुकडा रंगवणं बाकी आहे.

जाताना ताईंनी गरुडावर वरून दिवा लावायचं विचारलं. सतत गरम होणारा दिवा नको, एलईडी चालेल. पण वायर भिंतीत खोदून न्यायची नाही. छतातून आणायची आणि त्या तीन प्लगांच्या आसपास छिन्नी लावायची नाही, असं ठरलं.